हात बसलेला, बारावी नापास

महिन्यातून एक-दोन फोन मला ठरलेले असतात. पलीकडे कुणीतरी जिममध्ये मालीश करणारा, नाहीतर तेलाचा पंधरा दिवसांचा कोर्स करून आलेला तरुण असतो. तो अदबीनं विचारतो, "सर, माझा मालीशचा अनुभव हाय. फिजिओथेरपीच्या ॲडमिशनला त्यो धरतेत का?"

माझं उत्तर पाठ आहे. "मला सोळा वर्षांचा होता. मी कॉलेजात नेऊन दाखवला. क्लार्क लई हसला."

दिवाळी अंकासाठी व्यवसायाबद्दल काहीतरी लिहा असा निरोप आला, तेव्हा वाटलं, हेच उत्तर एकदा सविस्तर लिहून टाकावं. फोन आला की अंक पाठवून द्यायचा. माझा वेळ वाचेल आणि समोरच्याचा गैरसमज जाईल.

मी बीड जिल्ह्यातल्या कड्याचा. बारावी सायन्सला होतो. का होतो, ते मलाही माहीत नाही. वर्गातले सगळे त्या दारातून आत गेले म्हणून मीही गेलो. फिजिक्सनं मला दोनदा चितपट केलं. मग मी तालमीत गेलो, तिथं बाकीच्यांनी केलं. कुस्तीत माझा एकच डाव पक्का होता, तो म्हणजे पाठ टेकणं. दोन वर्षं माझी पडझड बघून वस्तादांनी एक दिवस मला बाजूला घेतलं.

"नवनाथ, तुझ्यात पैलवान न्हाई बे," ते म्हणाले. "पण तुझ्या हातात काहीतरी हाय. उद्यापासून तू लढू नको. लढणाऱ्यांची अंगं रगड."

आयुष्यात मला मिळालेलं हे पहिलं करिअर मार्गदर्शन.

बाहेरच्या माणसाला मालीश म्हणजे तेल लावून चोळणं वाटतं. आधी नुसता हात ठेवायचा असतो. थंड हात ठेवला तर अंग दचकून आखडतं, म्हणून तळवे एकमेकांवर घासून गरम करायचे. मग करडईचं कोमट तेल. सुरुवात तळहाताच्या गादीनं, हलकी. अंग सैल पडलं की अंगठा. अंगठ्याखाली कुठं सुतळीसारखं लागतं, कुठं सुपारीसारखं. सुपारीवर अंगठा गेला की माणूस "हां हां, तितंच" म्हणतो. त्या "तितंच"वर मी सोळा वर्षं जगलो.

त्या सुपारीला आम्ही शीर म्हणायचो. मान धरली, शीर चढली. कंबर गेली, शीर दबली. पायाला मुंग्या आल्या, शीर झोपली. शीर ही फार सोयीची वस्तू होती. ती कुणाला दिसत नव्हती, त्यामुळे ती जागेवर बसली की नाही, हे मीच ठरवायचो.

तालमीतून माझं नाव गावात गेलं. गळिताचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडणीवाले, गाडी भरणारे, ट्रक ड्रायव्हर यायचे. एरवी गावातली दुखरी मंडळी होतीच. त्यात एक निवृत्त गुरुजी होते. त्यांची मान दर पंधरा दिवसांनी धरायची आणि त्यांचा एक सिद्धांत होता: वाजलं नाही तर गेलं नाही. मान चोळून मऊ केली तरी ते उठायचे नाहीत. "आवाज आला न्हाई नवनाथ," म्हणून तसेच बसून राहायचे. एकदा वैतागून मी त्यांच्या कानामागं हात नेला आणि माझंच बोट मोडलं. कट् असा आवाज झाला. गुरुजींनी डोळे मिटून समाधानाचा सुस्कारा सोडला. "आता बसली बघ शीर!" त्यानंतर सहा वर्षं त्यांची मान मी माझी बोटं मोडून बरी केली. माझी बोटं अजून दुखतात.

दुसरे अण्णा. आमच्या भागातले पुढारी. खरं नाव लिहीत नाही, कारण त्यांची कंबर अजून राजकारणात आहे. ती निवडणुकीच्या तोंडावर न चुकता धरायची. अण्णा बाजेवर पालथे पडायचे आणि फोनवर बोलत राहायचे. माझ्या अंगठ्याखाली तालुक्याचं राजकारण चाललेलं असायचं. कोण पक्षात येणार, कोण जाणार, हे मला अण्णांच्या तोंडावरून नाही, कमरेवरून कळायचं. माणूस फुटला की उजवी बाजू दगड व्हायची. गावातले लोक मला चहा पाजून विचारायचे, "काय म्हंती कंबर?"

इतकं सगळं झाल्यावर माणसाला आपण कुणीतरी आहोत असं वाटायला लागतं. मला लई वाटायला लागलं. मी दारावर पाटी लावली, 'अस्थी व शीर तज्ज्ञ'. 'अस्थी' आणि 'तज्ज्ञ' हे दोन्ही शब्द पेंटरनं स्वतःच्या मनानं घातले होते. मी काढायला सांगितले नाहीत.

मग विष्णू आला.

विष्णू चकलांब्याकडचा. नवरा-बायको मिळून ऊस तोडायचे. आमच्याकडं अशा जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. एकाचा हात गेला की अर्धा कोयता राहतो, आणि अर्धा कोयता मुकादम टोळीत घेत नाही. हंगाम संपता संपता उसाची मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढताना विष्णू फळीवरून खाली आला आणि उजव्या कोपराचं हाड मोडलं. दवाखान्यात प्लास्टर झालं, दीड महिन्यानं निघालं. आतून हात निघाला तो काटकोनात अडकलेला. सरळ होईना, पुरता वाकेना, घास तोंडापर्यंत जाईना. दवाखान्यातून त्याला व्यायाम सांगितले होते. पण व्यायाम हे औषध आहे यावर आमच्याकडं कुणाचा विश्वास नाही.

"दिवाळीनंतर टोळी निघंल," त्याची बायको कमल म्हणाली. "तवर हात सरळ झाला पाहिजे, भाऊ."

"निस्ती शीर आखडलीय," मी म्हणालो. "पंधरा दिवसांत झेंड्याच्या काठीवानी सरळ करतो."

बारा दिवस मी तो हात रगडला. कोपराच्या पुढच्या बाजूला, जिथं दुखत होतं, तिथंच. शेवटी हात धरून ताणायचो. विष्णू उपरण्याचा बोळा तोंडात धरायचा आणि डोळ्यांतून पाणी यायचं. मला वाटायचं, दुखतंय म्हणजे सुटतंय. पहिले तीन-चार दिवस हात थोडा सैल वाटला. मग तो गरम लागायला लागला. मग कोपराच्या वर एक गोळा आला, सुपारीपेक्षा मोठा आणि कडक. मी त्यालाही शीर म्हणालो आणि जोर वाढवला. बाराव्या दिवशी हात पहिल्यापेक्षाही कमी हलत होता.

विष्णू यायचा थांबला. मी मनात म्हणालो, लोकांना दम नसतो.

आठवडाभरानं कमलचा फोन आला. बीडला शेख मॅडम म्हणून फिजिओथेरपिस्ट होत्या, ते दोघं तिथं गेले होते. "मॅडम म्हंत्यात, ज्यानं मालीश केली त्येला घिऊन या."

हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच लिहितो. मला वाटलं, मॅडमना माझ्याबद्दल कळलंय. कदाचित दवाखान्यात मालीशला माणूस हवा असेल. मी इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी केली आणि तेलाची बाटली पिशवीत घेतली. मॅडमनी हात दाखव म्हटलं तर तयारी असावी.

शेख मॅडम बारीक चणीच्या होत्या, चष्मा लावणाऱ्या. मी आत गेलो तेव्हा विष्णू आणि कमल तिथंच बाकावर बसले होते. मॅडमनी मला बसायला सांगितलं नाही. भिंतीवरच्या दिव्यापुढं एक्स-रे लावला आणि बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

कोपराच्या पुढं, जिथं काळं असायला हवं तिथं, ढगासारखं काहीतरी पांढरं होतं.

"हाड," मी म्हणालो.

"इथं हाड असतं?"

"न्हाई."

"मग कुठून आलं?"

मी पिशवीतली तेलाची बाटली आणखी आत ढकलली.

"हा स्नायू आहे," मॅडम म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी, चढवला असता तर बरं झालं असतं. "त्याला आधीच इजा झाली होती. इजा झालेल्या स्नायूला रगडत राहिलं, ताणत राहिलं, तर काही वेळा त्याच्यात हाड धरायला लागतं. कोपराच्या बाबतीत तर जास्तच. म्हणून मोडलेल्या कोपराला मालीश करत नाहीत. हे आमच्या पोरांना शिकवतातच. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

मला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. मला फक्त वस्ताद म्हणाले होते की तुझ्या हातात काहीतरी आहे.

मी काही बोलायच्या आत विष्णू बाकावरून उठला. त्याला वाटलं, माझ्यावर आळ येतोय.

"मॅडम, त्येच्याकडून कसूर न्हाई झाली," तो म्हणाला. "लई जोर लावला त्यानं. बारा दिवस येक दिवस खाडा न्हाई केला."

माझ्या सोळा वर्षांत मला लोकांनी पुष्कळ शिव्या दिल्या. एकही एवढी लागली नाही.

पुढचं सांगून टाकतो, कारण वाचणाऱ्याचा जीव टांगायला नको. मॅडमनी विष्णूची मालीश, ताणणं सगळं बंद केलं, बराच काळ हाताला शांत ठेवलं, मग हळूहळू व्यायाम दिले. पुढं मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. घास तोंडापर्यंत जायला लागला. पण हात पुरता सरळ झाला नाही तो नाहीच. त्या वर्षी टोळी त्यांना सोडून गेली. नंतर विष्णू डाव्या हातानं कोयता धरायला शिकला. कोयता पुन्हा पुरा झाला, पण पहिल्यासारखा नाही. मी त्याच्या घरी गेलतो. माफी मागितली. कमलनं चहा दिला, पण माझ्याकडं बघितलं नाही. विष्णू म्हणाला, "भाऊ, तुमी मुद्दाम केलं का?" मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "मंग सोडा." त्याच्यानं सुटलं असेल. कमलच्यानं सुटलं नाही, आणि मला वाटतं तिचंच बरोबर होतं.

मी पाटी काढली. महिनाभर कुणाच्या अंगाला हात लावला नाही. मग परत बीडला शेख मॅडमकडं गेलो आणि म्हणालो, "मला शिकवा."

"काय शिकवू? दोन महिन्यांत शिकवायची गोष्ट नाही ही," मॅडम म्हणाल्या. "शिकायचंच असेल तर कॉलेज करा."

आज मला पक्कं कळतं की त्यांनी ते मला कटवायला म्हटलं होतं. पण मी पडलो आज्ञाधारक. मी कॉलेजला निघालो.

निघण्याआधी अण्णांकडं गेलो. आमच्याकडं कुठल्याही कामाला पुढाऱ्याचं पत्र लागतं, मग ते काम देवाकडं का असेना. अण्णांनी लेटरहेड काढायला लावलं आणि पडल्या पडल्या मजकूर सांगितला. मी तो अजून जपून ठेवलाय: 'श्री. नवनाथ हे माझ्या कमरेच्या अत्यंत निकटचे असून, गेली नऊ वर्षे एकनिष्ठपणे तिची सेवा करीत आहेत. तरी त्यांना डॉक्टर करून घ्यावे.' सही करताना ते म्हणाले, "एकनिष्ठ शब्द आपल्या पक्षात मी आजून कुणाला वापरला न्हाई, बरं का."

कॉलेज जिल्ह्याच्या बाहेर होतं. प्रवेशाच्या खिडकीपाशी मी पत्र दिलं. सोबत सरपंचाचा दाखला, तालमीचा दाखला आणि अकरा गिऱ्हाइकांच्या सह्यांचा एक कागद होता: आमची अंगं ह्यांनी मोकळी केली. क्लार्कनं अण्णांचं पत्र आधी मनात वाचलं. मग उठून सगळ्या ऑफिसला मोठ्यानं वाचून दाखवलं. टायपिंग करणारी बाई टेबलावर डोकं ठेवून हसत होती.

"काका," क्लार्क डोळे पुसत म्हणाला, "ह्या पत्रावर तुमाला कंबर मिळंल, शीट न्हाई मिळायची. बारावी सायन्स पास हायेत का?"

"फिजिक्स ऱ्हायलंय."

"नीट दिली?"

"नीटच दिलती, पण ऱ्हायलं."

"तसं नीट न्हाई हो! नीट, नीट! परीक्षा!"

मला अशी परीक्षा असते हे ठाऊक नव्हतं. क्लार्क भला माणूस होता. हसून झाल्यावर त्यानं कागदावर सगळं लिहून दिलं. आधी बारावी, मग ती परीक्षा, मग नंबर लागला तर प्रवेश. "आणि अनुभव?" मी विचारलं. त्यानं फॉर्म उलटा-सुलटा करून मला दाखवला. "ह्याच्यात अनुभवाचा रकानाच न्हाई. आन् खरं सांगू का? सोळा वर्षांचा अनुभव म्हंता, सोळा वर्षांत येक फिजिक्स कावून निघालं न्हाई?"

घरी येऊन मी बायकोला, मंगलला, सगळं सांगितलं. ती अंगणवाडी सेविका. तिला वाटलं मी आता हा नाद सोडीन. मी पुस्तकं घेऊन आलो तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. पण तिच्या स्वभावात एक खोड आहे. कुणी शिकायला बसलं की तिला राहवत नाही. भाकरी थापता थापता ती मला प्रश्न विचारायची. उत्तर चुकलं की पिठाच्या हातानं पुस्तकाकडं बोट करायची. माझ्या फिजिक्सच्या पुस्तकाची अर्धी पानं ज्वारीच्या पिठानं माखलेली होती.

एका संध्याकाळी तरफेचा धडा चालला होता. टेकू, बळ, भार. मला काही केल्या कळेना. मंगलनं उलथनं खाली ठेवलं, माझा हात कोपरात वाकवला आणि तळहातावर वरवंटा ठेवला. "ह्यो टेकू," कोपराला बोट लावून म्हणाली, "ह्यो भार. आन् हितं फुगलंय ते बळ. सोळा वर्ष हेच तर चोळीत होता की!"

माझ्या अनुभवाचा प्रवेशासाठी झालेला हा पहिला आणि शेवटचा उपयोग. फिजिक्स निघालं. पेपरात तरफ आली होती.

आता नीट. नाव 'नीट' आणि माझं काहीच नीट नव्हतं. केंद्राच्या फाटकावर सगळी सतरा-अठराची पोरं, प्रत्येकासोबत एकेक पालक. मी रांगेत लागलो तर शिपायानं काठी आडवी धरली. "पालकांनी भाईर थांबावं." मी हॉल तिकीट दाखवलं. त्यानं फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला. माझ्यामागच्या मुलीचे वडील मला म्हणाले, "तुमचं आत कोण हाय?" मी म्हणालो, "मीच."

आत अंगठ्याचा ठसा घ्यायचं मशीन होतं. मी अंगठा ठेवला, मशीन काही बोलेना. पुसून ठेवला, नाही. डावा ठेवला, नाही. सोळा वर्षांच्या तेलानं आणि घासण्यानं माझ्या बोटांच्या रेषा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. एकेक बोट करत शेवटी डाव्या करंगळीचा ठसा उठला, कारण करंगळीनं मी आयुष्यात कधी काम केलं नव्हतं. मशीनवरची बाई म्हणाली, "काय करता तुम्ही?" मी म्हणालो, "अनुभव आहे." तिला काही कळलं नाही.

पहिल्या वर्षी मार्क असे पडले की मंगलनं ते शेजारी सांगितले नाहीत. दुसऱ्या वर्षी जरा बरे पडले. अगदी शेवटच्या फेरीत, सगळ्यांनी नको म्हटलेल्या जागांपैकी एक माझ्या वाट्याला आली. बातमी ऐकून अण्णा म्हणाले, "बघ, पत्रानं काम केलं का न्हाई!"

कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी वर्गात शिरलो आणि सगळा वर्ग उभा राहिला. "गुड मॉर्निंग सर." मी मान खाली घालून शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. त्या शांततेत एक पोरगी हळूच म्हणाली, "अय्या, काका शिकणारेत!" तेव्हापासून साडेचार वर्षं मी काका. शिकवणाऱ्या सरांपैकी दोघं माझ्यापेक्षा लहान होते, ते मला 'अहो नवनाथ' म्हणायचे.

शरीररचनेच्या पहिल्या महिन्यात माझा धंदा बुडाला. कळलं की मी ज्या बसवल्या, उठवल्या, झोपेतून जाग्या केल्या, त्या शिरा शिरा नव्हत्याच. सुतळी म्हणजे स्नायू. सुपारी म्हणजे स्नायूतली गाठ. खऱ्या शिरा भलतीकडंच होत्या आणि त्यांना मी कधी हात लावला नव्हता, ही देवाची कृपा, असं तेव्हा वाटलं.

पाठीचे स्नायू शिकवायला सरांना एक उघडी पाठ हवी होती. पोरं लाजत होती. माझी पाठ रुंद, आणि वयामुळं लाज संपलेली. मी पालथा पडलो. चाळीस पोरांनी रंगीत पेनांनी माझ्या पाठीवर स्नायू काढले, नावं लिहिली, चुकली तशी खोडली. कुणी ओशाळून म्हणायचं, "काका, दुखतंय का?" ज्यानं सोळा वर्षं दुसऱ्याच्या पाठी वाचल्या, त्याच्या पाठीवर आता पोरं धडे गिरवत होती. सुट्टीला घरी गेलो आणि शर्ट काढला. मंगल म्हणाली, "हे काय, नकाशा?" तिला पाठीवर बोट फिरवून वाचायला लावलं आणि उजळणी करून घेतली.

एका तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या बाईंनी मला पेशंटच्या खुब्यामागचा एक स्नायू डोळे मिटून शोधायला सांगितला. माझा अंगठा सरळ तिथं गेला. पेशंट म्हणाला, "हां हां, तिथंच." बाई खूश झाल्या.

"छान. नाव सांगा."

नाव इंग्रजी, आणि ऐनवेळी गेलं ते गेलंच.

"मॅडम," मी म्हणालो, "आमची ओळख जुनी आहे. नाव विचारायचं राहून गेलं."

बाई हसल्या, पण मार्क अर्धेच दिले.

कुणी विचारलंच, अनुभवाचा कॉलेजात काही फायदा झाला का, तर एवढाच: माझा हात अंगाला घाबरत नव्हता, आणि अंग माझ्या हाताला घाबरत नव्हतं. तोटा त्याहून मोठा. पोरांना नवं शिकायचं होतं. मला आधी जुनं विसरायचं होतं, आणि हात लवकर विसरत नाहीत. सर व्यायाम सांगायला सांगायचे, माझा अंगठा आपोआप खोल जायचा. "अहो, सोडा," हे वाक्य मी चार वर्षांत जेवढं ऐकलं तेवढं माझं नावसुद्धा ऐकलं नसेल.

शेवटी डिग्री मिळाली. कड्यात एक खोली घेतली, खाट टाकली. नवी पाटी लावली आणि या वेळी पेंटरजवळ उभा राहिलो.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातली गोष्ट. दिंद्रुडच्या एक पार्वतीकाकू कड्याला लेकीकडं आल्या होत्या. घर जमीनदाराचं, बाई सत्तरीच्या, बोलणं खणखणीत. घोट्याला प्लास्टर होतं ते नुकतंच निघालं होतं आणि पोटरी भरून आली होती. मुलगा बापूराव त्यांना गाडीतून घेऊन आला.

"लई नाव ऐकलं तुझं," काकू खाटेवर बसत म्हणाल्या. "पोटरी दगड झालीय बघ. रगड चांगली."

माझे तळवे आपोआप एकमेकांवर घासायला लागले. पोटरी बघितली. एकाच पायाची सूज, कातडी ताणलेली, थोडी लालसर. दोन्ही पोटऱ्यांना टेप लावून मोजलं, दुखरी चांगली जाड निघाली. हाताची मागची बाजू नुसती टेकवली तर गरम लागली. मी हात काढून घेतला.

"काकू, मी हिला हात लावणार नाही. तुम्ही आत्ताच्या आत्ता बीडला मोठ्या दवाखान्यात जा. चालू नका, गाडीत पाय वर ठेवा. मी चिठ्ठी देतो. आत रक्ताची गाठ असू शकती."

बापूराव बघतच राहिला. "आरं, पोटरी दाबायला बीड? पयले तर तू ट्रकवाल्यांना रस्त्यावर बसून दाबायचास! शिकून भ्यायला लागलास व्हय बे?"

"होय," मी म्हणालो.

"निस्तं तेल तरी लाव," काकू म्हणाल्या. "आलेय येवढ्या लांबून."

"नाही, काकू."

गाडी धुरळा उडवत गेली. ती बीडला गेली की दुसऱ्या मालीशवाल्याकडं, मला कळायला मार्ग नव्हता. तीन दिवस मी बेचैन होतो. भीती दोन्हीकडून होती. गाठ नसली तर मी गावाचा विनोद होणार होतो. आणि असली, आणि ते दुसरीकडं गेले असले, तर?

चौथ्या दिवशी बापूरावचा फोन आला. आवाज खाली आला होता. गाठ होती. इंजेक्शनं चालू होती. डॉक्टरनं विचारलं होतं, कुणी चोळलं तर नाही ना? चोळली असती तर सुटून फुप्फुसात गेली असती, असं म्हणाले. "भाऊ," तो म्हणाला, आणि फोन ठेवून दिला.

मला आनंद व्हायला हवा होता. मी खाटेवर बसून राहिलो. सोळा वर्षांत माझ्याकडं सुजलेल्या पोटऱ्या कमी आल्या नव्हत्या. लांबच्या प्रवासाचे ड्रायव्हर, प्लास्टरवाले, बाळंतपणानंतरच्या बायका. मी सगळ्यांची शीर बसवली होती. त्यातले काही पुन्हा कधी आले नाहीत. मला वाटायचं, बरं वाटलं म्हणून आले नाहीत.

महिन्याभरानं काकू स्वतःच्या पायांनी आल्या. मला बरं वाटलं. पण त्या यायच्या आधी बाजारात त्यांचं बोलणं पोचलं होतं. लेकीच्या शेजारणींना त्या सांगत होत्या, पोरगा गुणाचा हाय, पण हात गेले त्याचे. बाहेर तीन-चार माणसं बसलेली असताना त्यांनी मला तोंडावरच विचारलं.

"डॉक्टर म्हंतेत, तू हात लावला न्हाई म्हणून मी वाचले. खरं हाय का?"

"खरं आहे, काकू."

"मंग पयले तुला रगडायला येत हुतं, तवा शाळा लागली न्हाई. आन् आता साडेचार वर्ष शिकून आलास, ते काय हात न लावायला?"

बाहेरची माणसं हसली. मीही हसलो.

"होय काकू," मी म्हणालो. "त्यालाच एवढी वर्षं लागली."